मेलेलं बदक कोणाच्या खात्यातलं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, घराजवळच्या तलावाला आम्ही रोज सकाळी चक्कर मारतो. परवा काठावर चार-पाच बदकं मरून पडलेली दिसली. एक जिवंत होतं, पण मान लुळी पडलेली. तीन ठिकाणी फोन केले; प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला. हा बर्ड फ्लू असेल का? आणि सांगायचं तरी कोणाला?
– एक निवृत्त शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बाई, मान लुळी होती हे तुम्ही लिहिलंत, तेच सगळ्यात कामाचं. बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ना ठरवता येतो, ना नाकारता येतो. पण लुळी मान, पसरलेले पंख, उडता न येणं हे पाहून माझ्या मनात आधी बोटुलिझम येतो. उन्हाने तापलेल्या, प्राणवायू संपलेल्या चिखलात एक जिवाणू विष तयार करतो. त्याने पक्षी मरतो, त्यावर माश्या बसतात, अळ्या पडतात. अळीला त्या विषाचं काही होत नाही, ते तिच्या अंगात साठतं. दुसरं बदक येऊन त्या अळ्या टिपतं आणि तेही लोळतं. म्हणून मेलेले पक्षी उचलणं ही नुसती साफसफाई नव्हे, तोच इलाज.

नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात हेच झालं. ते खाऱ्या पाण्याचं, पण गोड्या पाण्याच्या तळ्यातही रोगाची चाल हीच. थापट्या, शेकाटे असे 18,000 च्या वर पक्षी गेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू नाही म्हणून सांगितलं, बोटुलिझमवर शिक्कामोर्तब बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने केलं. सरोवर तेव्हा पसरलेलं होतं जयपूर, नागौर आणि अजमेर या तीन जिल्ह्यांत. अळ्यांना जिल्ह्याची हद्द कोण दाखवणार?

आपल्याकडेही तेच कोडं. रानपक्षी वनविभागाचा, कोंबडी पशुपालन विभागाची, मासे मत्स्यविभागाचे, तळं नगर निगमचं नाहीतर जलसंसाधन विभागाचं. इंदूरजवळचा यशवंत सागर तलाव गंभीर नदीवर. तीच नदी पुढे उज्जैनकडे जाते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी उज्जैनकर पितात. बदकांचं तर विचारूच नका, सकाळी सिरपूर तलाव, संध्याकाळी यशवंत सागर. डिसेंबर 2020 च्या शेवटी इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि भोपाळच्या तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन8 हा विषाणू निघाला. त्याच सुमारास राजस्थानात झालावाडला कावळे पडत होते, हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस मरत होते आणि पोंगला निघाला बर्ड फ्लूचाच दुसरा विषाणू, एच5एन1. ‘पक्षी मेले’ एवढ्यावरून एकाच विषाणूचा अंदाज बांधला असता, तर फसगत झाली असती.

माझं मत स्पष्ट आहे : रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसायची पद्धत घातक आहे. निदानाला वेळ लागतो, तो लागू द्या. पण शेजारच्या तळ्यांना, शेजारच्या जिल्ह्याला त्याच संध्याकाळी ‘आमच्याकडे पक्षी पडताहेत, तुमच्याकडे बघा’ एवढं कळवायला प्रयोगशाळा लागत नाही. सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवणं कलेक्टरच्याच हाती असतं. म्हणून फोनवर थांबू नका. एक छोटा अर्ज लिहा : पशुपालनच्या उपसंचालकांना, प्रत वनमंडल अधिकाऱ्यांना, प्रत कलेक्टरना. तिघांची नावं एकाच कागदावर दिसली, की टोलवाटोलवी बरीच कमी होते, हा माझा नोकरीतला अनुभव.

अर्जात जागा, वेळ, कोणते पक्षी, किती, आणि मासेही मेलेत का, ते लिहा. पावसाळी ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत मरत असतील, तर ते बहुधा प्राणवायू कमी पडल्याने. ती वेगळी गोष्ट. फोटो लांबून काढा. हात लावू नका, कुत्र्याला जवळ नेऊ नका. नमुना घ्यायला आलेली मंडळी ताजा पक्षी दुहेरी पिशवीत घालून बर्फावर नेतील. घरच्या फ्रिजमध्ये ‘जपून’ ठेवणारे सज्जनही मला भेटलेत; कृपा करून तसं करू नका.

तो जिवंत पक्षी मात्र अर्जात पहिल्या ओळीत लिहा. बोटुलिझम असेल आणि वनविभागाने वेळेत उचलून सावलीत ठेवलं, पाणी पाजलं, तर असे पक्षी कधी कधी वाचतात.