आमच्या डेस्कटॉप आणि वेब सॉफ्टवेअरमध्ये सोशल मीडियाची फीचर्स कशी घालावीत? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर कोचिंग क्लासेससाठीचं आहे, ऑफिसात डेस्कटॉपवर चालतं, पालकांसाठी वेब आवृत्ती आहे आणि क्लायंटला आता त्यात लॉगिन, लाइक, कॉमेंट, शेअर असं ‘फेसबुकसारखं काहीतरी’ हवंय. या दोन शब्दांवरून माझं आमच्या सरांशी कडाक्याचं वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगलीकडच्या एका छोट्या कंपनीत मी होते. आमचं सॉफ्टवेअर वधूवर सूचक मंडळांसाठी होतं. मंडळाच्या ऑफिसातल्या पीसीवर नावनोंदणी, पत्रिका, गुणमेलन, बायोडेटाची प्रिंट. आणि नोंदवलेल्या कुटुंबांना घरून स्थळं बघता यावीत म्हणून जोडलेली वेबसाइट. २०१३ साली सरांनी ठरवलं की फेसबुक लॉगिन हवं, प्रत्येक स्थळाखाली लाइकचं बटण हवं, आणि मुला-मुलीचे फेसबुकवरचे सामाईक मित्र दाखवणारी ‘सामाईक ओळखी’ नावाची चौकट हवी.

मी म्हटलं, सर, मुलीचं नाव मंडळात घातलंय हे लोक शेजारच्यांनाही कळू देत नाहीत. स्थळ बघणं ही चारचौघांत करायची गोष्ट नाही. त्यावर उत्तर आलं, “तुझी कायमचीच नकारघंटा.” बटण बसलं.

आता यात तांत्रिक भाग समजून घ्या. लाइकचं बटण नीट चालायचं तर फेसबुकच्या क्रॉलरला (पानं आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) ते पान लॉगिनशिवाय दिसावं लागतं. म्हणून बायोडेटाचं पान अर्धं उघडं केलं गेलं: फोटो, नाव, शिक्षण, गाव. शिवाय बटण दाबलं की त्याची बातमी दाबणाऱ्याच्या मित्रमंडळींच्या फीडमध्ये जायची. इचलकरंजीकडच्या एका मुलाने एका स्थळाखाली ते दाबलं. त्याला वाटलं, आपण मंडळाला पसंती कळवली. ती कळली त्याच्या मामांना, चुलत बहिणींना आणि कॉलेजातल्या पोरांना, मुलीच्या फोटोसकट. मुलीकडच्यांना तोवर मुलाची पत्रिकाही गेली नव्हती. तिचे वडील मंडळाच्या ऑफिसात आले, फेसबुकवरच्या त्या पोस्टची प्रिंट मंडळ चालवणाऱ्या काकूंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आमचं नाव काढून टाका. फी परत नको.” काकूंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. वीसेक वर्षं त्या लोकांच्या विश्वासावर ते मंडळ चालवत होत्या.

लाइकचं बटण त्यानंतर निघालं. ‘सामाईक ओळखी’ मात्र राहिल्या, कारण त्या सरांच्या लाडक्या होत्या. फेसबुकने २०१४च्या एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की जुनी एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला फेसबुकवरची माहिती देणारी सोय) वर्षभराने बंद होईल आणि नंतर फक्त तेच मित्र दिसतील जे स्वतः ते ॲप वापरतात. ती घोषणा मी प्रिंट काढून दाखवली होती. ३० एप्रिल २०१५ला, ऐन लग्नसराईत, चौकट रिकामी पडली आणि मंडळांचे फोन मी घेतले.

खरं काम झालं ते भलत्याच ठिकाणी. मी एकदा काकूंच्या शेजारी बसून त्यांचं काम बघत होते. त्या स्क्रीनवरच्या बायोडेटाचा मोबाइलने फोटो काढायच्या (त्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका जन्मवेळेवर यायचा) आणि तो व्हॉट्सॲपवर मुलाच्या आईला पाठवायच्या. सोशल फीचर हेच, आणि ते आमच्या सॉफ्टवेअरच्या बाहेर चाललं होतं! मी ‘पाठवा’ असं एकच बटण केलं. ते एक पानी चित्र तयार करायचं, त्यात फोन नंबर आणि पत्ता नसायचा, खाली मंडळाचा नंबर, आणि पूर्ण माहितीसाठी ठरावीक मुदतीनंतर बंद पडणारी लिंक. सगळ्यात जास्त वेळ मराठीने घेतला. सर्व्हरवरची चित्र काढणारी लायब्ररी जोडाक्षरं जुळवत नव्हती. ‘प्रियांका’मधला ‘प्’ पाय मोडून वेगळा, ‘र’ वेगळा आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे. शेवटी पान ब्राउझर इंजिनकडूनच रंगवून घेतलं आणि त्याचं चित्र काढलं. आजही पिलोसारखी (पायथॉनमधली चित्रं काढणारी) लायब्ररी वापरणार असाल तर राक्म (जोडाक्षरं नीट जुळवणारी जोड-लायब्ररी) जोडलंय का ते आधी बघा, नाहीतर तुमच्या गुणवंतांची नावं अशीच मोडकी जातील.

तुमचे पालक आज काय करतात ते तसंच जाऊन बघा. माझा अंदाज, निकालाचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. मग निकालाचं देखणं कार्ड आणि शेअरचं बटण द्या. मोबाइलवर नॅव्हिगेटर डॉट शेअर (फोनचीच शेअरची यादी उघडणारी ब्राउझरची सोय) वापरा. त्याला एचटीटीपीएस लागतं आणि ते वापरणाऱ्याने बटण दाबल्यावरच चालतं. डेस्कटॉपवरून व्हॉट्सॲपची डब्ल्यूए डॉट मी लिंक ब्राउझरमध्ये उघडली की झालं, कुठलीही एसडीके (व्हॉट्सॲपचा वेगळा तयार कोड) लागत नाही. पानांना ओपन ग्राफ टॅग (लिंकच्या प्रिव्ह्यूत काय दिसावं ते सांगणारे) लावा, चित्र १२०० बाय ६३०चं. प्रिव्ह्यू काढणारा बॉट लॉगिन करत नाही, म्हणजे त्याला जे दिसतं ते जगाला दिसतं असं धरूनच चाला. एकदाच उघडणारी लिंक देऊ नका, प्रिव्ह्यूच ती उघडून संपवतो. आणि यूआरएलमध्ये मराठी शब्द नकोत: एन्कोड झाल्यावर एका ‘क’ची नऊ चिन्हं होतात.

लाइक, कॉमेंट, फीड क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये घालू नका. लेकराच्या मार्कांखाली आकडा दिसला की शेजारच्या लेकराचा आकडा लगेच बघितला जातो. कायदाही आहे: २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई करतो. बाहेरच्या कंपनीचं बटण पानावर बसवलं की पान उघडणाऱ्याची माहिती ते न दाबताही तिकडे जाते. युरोपियन न्यायालयाने जुलै २०१९मध्ये फॅशन आयडी खटल्यात, असं बटण बसवणारी साइटही त्या माहिती गोळा करण्याला जबाबदार आहे असं ठरवलं. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण मुद्दा तोच आहे.

“सगळे घालतात” हे सरांचं ठेवणीतलं वाक्य होतं. ॲपलने २०१२मध्ये मॅकमध्ये ट्विटर आणि फेसबुक थेट बसवलं आणि २०१८च्या मोहावे आवृत्तीत काढून टाकलं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला सर्वसामान्यांसाठी बंद झालं, त्याची प्लस वनची (लाइकसारखी) बटणं कैक साइटवर होती. २०२३मध्ये ट्विटरने फुकटची एपीआय आवळली. आणि मेटानेच फेसबुकचं बाहेरच्या साइटवरचं लाइक आणि कॉमेंटचं प्लगइन फेब्रुवारी २०२६मध्ये बंद करायचं जाहीर केलं. ज्या बटणासाठी मला नकारघंटा म्हटलं, ते बनवणाऱ्यालाही नकोसं झालं. सर, कधी हे वाचलंत तर एवढा परिच्छेद जरूर वाचा.

लॉगिनला माझा विरोध नाही, गूगलचं लॉगिन खरंच सोयीचं पडतं. सोबत मोबाइल ओटीपी ठेवा, सगळे पालक जीमेलवाले नसतात. डेस्कटॉपमध्ये मात्र लॉगिनचं पान आपल्याच खिडकीत उघडू नका, गूगलने ते २०१७पासून अडवलं आहे. बाहेरचा ब्राउझर उघडायचा, उत्तर १२७.०.०.१वर (म्हणजे त्याच पीसीवर) घ्यायचं, पीकेसीई (मध्येच चोरलेला लॉगिन कोड निकामी करणारी पद्धत) वापरायचं. आरएफसी ८२५२ (अशा लॉगिनची मार्गदर्शिका) मध्ये सगळं आहे. क्लायंट सीक्रेट (गूगलने सॉफ्टवेअरला दिलेली गुप्त किल्ली) एक्झी फाइलमध्ये लपत नाही.

तुमच्याकडे मोठ्या वयाचे विद्यार्थी असतील, समजा एमपीएससीचे, आणि ते एकमेकांना रोज शंका विचारत असतील, तर चर्चेची जागा त्यांना उपयोगाची आहे. मग ‘तक्रार करा’ आणि ‘ब्लॉक करा’ ही बटणं पहिल्या दिवसापासून द्या, आणि २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर टाका. फेसबुक लॉगिनच हवं असा क्लायंटचा हट्ट असेल तर माहिती पुसून मागण्याची सोय मेटाकडे नोंदवावी लागते, तिचं पान, ॲप रिव्ह्यूला (मेटाच्या तपासणीला) पाठवण्याआधीच तयार ठेवा.