एलिट डेंजरस या अंतराळाच्या व्हिडिओ गेममध्ये हीटमॅप वनस्पती दाखवतो, पण उतरल्यावर सापडत नाहीत. काय चुकतंय?

चुकतंय ते रोव्हर, म्हणजे ग्रहाच्या जमिनीवर चालवायची गाडी. तुम्ही लिहिलंय की हीटमॅपने (ग्रहाचा रंगीत नकाशा) दाखवलेल्या पट्ट्यात उतरून पाऊण तास रोव्हर फिरवला आणि दगडांशिवाय काही दिसलं नाही. मीही सुरुवातीला हेच करायचो. नागपूरचा मे महिना, कूलर फुल्ल, खेळायला बसायचं तेच रात्री अकरानंतर. आणि त्यातला अर्धा वेळ टेकड्या चढण्यात जायचा.

आमच्याकडचे लोक लोणारला जातात, त्यांना हे पटकन कळेल. विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, पण कडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटरच उंच. कडेवर पाय ठेवेपर्यंत पुढे एवढा खड्डा आहे याचा पत्ता लागत नाही. रोव्हरमधून सगळा ग्रह असाच दिसतो. शोधायचं जहाजातून आणि रोव्हर काढायचं ते सापडल्यावर.

आधी हीटमॅप नीट वाचा. वस्तू नेमकी कुठे आहे हे तो सांगत नाही, कुठे असू शकते एवढंच सांगतो. सगळे थर एकदम लावून पाहू नका. फिल्टर बदलत एकेका वंशाचा (वनस्पतींच्या गटाचा) थर पाहा. दोन वंशांचे पट्टे जिथे एकमेकांना भिडतात तिथे उतरलं, तर एका फेरीत दोन कामं होतात. हा नकाशा मिळवायला जहाजातून ग्रहावर प्रोब (छोटी शोधयानं) सोडावे लागतात. ते मारताना मागच्या बाजूसाठी प्रदक्षिणा घालत बसू नका. ग्रहाच्या कडेच्या थोडं बाहेर नेम धरा, गुरुत्वाकर्षण प्रोबला वळवून मागे नेतं.

आता खरी गोष्ट, उजेड. ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला शोधायला जाऊच नका. नाइट व्हिजन आहे, पण त्यात सगळंच हिरवं होतं आणि रंगाची खूण हातातून जाते. उभ्या वाढणाऱ्या वनस्पतींसाठी सूर्य क्षितिजापासून थोडाच वर असलेली जागा निवडा. लांब सावल्या पडतात, वनस्पतीआधी तिची सावली नजरेत भरते. बॅक्टेरियम नावाच्या वंशाचं उलटं. तो जमिनीवर डागासारखा पसरतो, सावली पाडत नाही, त्यामुळे ऊन डोक्यावर हवं आणि जमीन सपाट हवी. कधी कधी विवर टेकडीसारखं दिसून डोळा फसतो. तेव्हा आधी सूर्य कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं, मग फसगत थांबते.

उंचीचं म्हणाल, तर खूप वरून काहीच दिसत नाही, कारण वनस्पती ठराविक अंतराच्या आत गेल्यावरच पडद्यावर येतात. मी नाक थोडं खाली झुकवून, जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरवरून, सावकाश जातो. नांगरणीसारखं: एक तास जायचं, वळायचं, शेजारच्या तासाने परत यायचं. (तास म्हणजे नांगराची ओळ, घड्याळाचा नव्हे. घड्याळाचे तास या खेळात तसेही जातातच.) आठ-दहा मिनिटांत काही दिसलं नाही तर पट्टा तोच ठेवून भूभाग बदला, सपाटीवर नसेल तर उतारावर, खडकाळ भागात पाहा.

एक सापडलं की लगेच दुसऱ्याला सॅम्पलर (नमुना घ्यायचं यंत्र) लावू नका. प्रत्येक प्रकाराचे तीन नमुने लागतात आणि त्यांत वंशाप्रमाणे अंतर लागतं: टसॉकला २०० मीटर, बॅक्टेरियमला ५००, ऑसियसला ८००, इलेक्ट्रिकीला १०००. म्हणून पहिला नमुना घेण्याआधी वरून आणखी दोन ठिकाणं हेरून ठेवतो. पहिल्या खेपेला हे माहीत नव्हतं, आणि मी एकाच झुडपाभोवती बाप्पा किती चकरा मारल्या!

गिझर आणि फ्युमरोल (जमिनीतून वाफ सोडणारी तोंडं) शोधताना नजर वाफेच्या झोतावर ठेवायची. आजूबाजूचे स्फटिक रोव्हरच्या बंदुकीने फोडले की कच्चा माल मिळतो, त्यामुळे तिथे रोव्हर खुशाल काढा.

आणि उतरण्याआधी गुरुत्वाकर्षणाचा आकडा बघत जा. दोन जीच्या (पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्वाकर्षणाच्या) वरच्या ग्रहावर मी सवयीने खाली झेपावलो आणि जहाज थेट जमिनीत. चार रात्रींचे नमुने विकायचे राहिले होते, ते जहाजाबरोबर गेले. तेव्हापासून स्टेशन दिसलं की आधी नमुने विकत घेणाऱ्या व्हिस्टा जेनॉमिक्सच्या काउंटरवर जातो.