डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आत पडदा असलेला चष्मा) घालून, बोगद्यातला लोडर, म्हणजे पुढच्या बकेटने ढीग उचलणारं यंत्र, दुरून चालवायला बसतोयस, तर…

पहिल्या आठवड्यात बकेट भरायची घाई करू नकोस. यंत्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्र तुझ्यापर्यंत जरा उशिरा पोचतं, आधी तो उशीर ओळखायला शीक. यंत्र ताशी 9 किलोमीटरने जात असेल आणि चित्र 0.4 सेकंद मागे असेल, तर तुला दिसतंय त्याच्या 1 मीटर पुढे ते पोचलेलं असतं. बोगद्याच्या भिंतीला घासायला तेवढं पुरे. म्हणून ब्रेक लवकर दाब, जॉयस्टिक हळू हलव. चित्र अडखळलं तर अंदाजाने चालवायचं नाही, थांबायचंच.

यंत्राच्या केबिनमध्ये बसून चालवताना चाक घसरलं की कंबरेला कळायचं. इथे दूरच्या खुर्चीत अंगाला काहीच कळत नाही. बकेट ढिगात रुतताना इंजिनचा आवाज जड होतो, तोच आधार. मी तर आजही तिथे डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवतो. तेव्हा यंत्रावरच्या माइकचा आवाज कधी बंद करू नकोस.

मळमळलं तर दामटून बसू नकोस, हेडसेट उतरव. सवयीने बरंच कमी होतं. हेडसेटच्या दोन लेन्समधलं अंतर मात्र स्वतःच्या बुबुळांमधल्या अंतराप्रमाणे लावून घे.

आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण न बघता हाताला सापडतंय का, हे शिफ्टआधी रोज तपास. हेडसेट चढवल्यावर स्वतःचा हात दिसत नाही.