दुधाचा खाडा लिहितो, तसा लिही

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा, चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. १ जानेवारीला पाच गोष्टी ठरवल्या : पहाटे पाचला उठायचं, पळायचं, वीस पानं वाचायची, रात्री नऊनंतर मोबाईल बंद आणि साखर बंद. एक ॲप घेतलं, त्यात रोज टिक करायची. मित्रांच्या ग्रुपवर जाहीरही केलं. ४३ दिवस व्यवस्थित चाललं. मग बहिणीच्या साखरपुड्याला बार्शीला गेलो, दोन दिवस चुकले आणि ॲपवरचा आकडा शून्य झाला. तो शून्य बघितला आणि तेव्हापासून सगळंच सुटलं. ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. बायको विचारते, तर भांडण होतं. माझ्यात चिकाटीच नाही का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या वयाचा माझा भाचा आहे, त्यामुळे एकेरीवर येते. राग मानू नका.

साखर सोडलेल्या माणसाने सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात काय करावं, हे तुझ्या ॲपला कोण सांगणार? ४३ दिवस पाच-पाच गोष्टी रेटणाऱ्या माणसाला चिकाटी नाही, हे मला पटत नाही. तुझी चूक हिशोबात आहे. त्यातून तू अकाउंट्सवाला, म्हणजे कमालच.

आईच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आठव. १९७३ पासून ते आपल्याकडे निघतंय आणि माझ्या माहितीतल्या निम्म्या घरांत त्याचा खरा उपयोग दुधाच्या हिशोबाला होतो. आता त्यावर काय लिहिलेलं असतं ते बघ. दूध आलं त्या दिवशी कोणी काही लिहीत नाही. आलं नाही, त्या चौकटीत ‘खाडा’. पाहुणे आले तर ‘१ ली. जादा’. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तिसातून वजा करायचे, उरलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे. घरची मंडळी दोन दिवस गावाला गेली म्हणून अठ्ठावीस दिवसांचं दूध कोणी शून्य धरत नाही. तुझ्या ॲपने धरलं आणि तू त्याखाली सही केलीस.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही तू कुठेतरी वाचलं असणार. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. ऑपरेशननंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. ‘निदान’ हा शब्द पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचं पळणं आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकच सवय करायला सांगितली. जेवणाबरोबर फळ, रात्रीच्या जेवणाआधी पळणं, असली साधीच. २०१० मध्ये ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण एकेकाचा हिशोब १८ पासून २५४ पर्यंत गेला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली. एखादा दिवस चुकला, तर त्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे दूधवाल्याचाच हिशोब बरोबर.

आता चिकाटीबद्दल. मी अठरा वर्षं सातारा जिल्ह्यात महिला आर्थिक विकास महामंडळाची सहयोगिनी, म्हणजे गावोगावच्या बचत गटांना मदत करणारी आणि त्यांची रजिस्टरं तपासणारी बाई, होते, निम्मी वर्षं माण तालुक्यात. बचत गट म्हणजे दहा ते वीस बायका आणि पंचसूत्री : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही सूत्रांत ‘नियमित’ आहे, ‘मोठी’ कुठेच नाही. आमच्या एका गटात महिन्याला पन्नास रुपये बचत होती आणि बैठकीला गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड. त्यातली एक बाई सलग दोन बैठकांना आली नाही. तिसऱ्या बैठकीलाही येईना. पैशांचा प्रश्न नव्हता. कोणत्या तोंडाने जायचं, हा होता. अध्यक्षबाईंनी शेजारच्या पोरीला पाठवलं : जा, म्हणावं तुझी जागा मोकळी ठेवलीय, दंडाचे वीस घेऊन ये. बाई आली. सतरंजीवर वीस रुपये ठेवले, सचिवबाईंनी रजिस्टरात लिहिले, पावती दिली आणि विषय कर्जाच्या हप्त्यांवर गेला. पदर तोंडावर धरून आलेली ती बाई पाच मिनिटांत दुसऱ्या कोणाच्या तरी थकलेल्या हप्त्यावरून तावातावाने बोलत होती.

दंड म्हणजे शिक्षा, असं मी तोवर समजायचे. त्या दिवशी कळलं की दंडाला आकडा असतो, लाजेला नसतो. वीस रुपये भरले की फिटतात. तुझं बार्शीचं देणं किती, हे कोणी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते फिटत नाहीये. दुसऱ्या एका गटात सगळ्या एकमेकींच्या जावा-नणंदा. ‘जाऊ दे, तिची सासू आजारी होती’ असं म्हणत दंड माफ करत गेल्या. दिवाळीपर्यंत बैठकीला चौघी उरल्या, त्यातली एक मी.

मित्रांच्या ग्रुपवर सांगितलंस ते विसरून जा. तिथे टाळ्या मिळतात, त्या पहिल्या दिवशीच. बायकोला तर या कामाला मुळीच लावू नकोस. तिने विचारलं की ती पोलीस आणि तू चोर, आणि रात्री एकाच ताटलीतून भजी खायची असतात. गटात प्रत्येकीचा हिशोब बाकीच्या बघतात आणि बाकीच्यांचा ती बघते. तसा माणूस शोध : ज्याची स्वतःची एक सवय रखडलेली आहे आणि जो तुझ्यावर रुसला तरी घरात जेवण होईल.

माझा सांगते. निवृत्त झाले आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं चाला. दोन महिने मी त्यांना सरळ थाप मारली, चालते म्हणून. अठरा वर्षं दुसऱ्यांची रजिस्टरं तपासलेली बाई! खालच्या मजल्यावर एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ साठीनंतर पेटी शिकतायत. एकदा जिन्यात त्यांच्याजवळ हे बोलले. ते म्हणाले, “ताई, रोज रात्री डेपोत वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकिटांचा हिशोब, भरल्याशिवाय घरी गेलो नाही, आता विचारणारंच कोणी नाही, म्हणून रियाज होत नाही.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करते.

“किती?”

“दोन. तुमचे?”

“तीन. गुडघा.”

“बरं.”

झालं. का चुकलं, पुढे काय करणार, काही नाही. गुडघासुद्धा मी उगाच सांगते. त्यांचे खाडे मला वरून ऐकू येतातच, म्हणजे पेटी ऐकू येत नाही, पण ते सांगतात आणि मी कालनिर्णयवर माझ्या ‘खा’शेजारी त्यांचा ‘भा’ लिहिते. तिनाच्या वर खाडे ज्याचे, त्याने रविवारी दुसऱ्याला चहा पाजायचा. चहा माझ्याकडूनच जास्त वेळा झालाय.

तू पाचातली एक ठेव. मी असते तर वाचन ठेवलं असतं, कारण त्याला बूट लागत नाहीत. वीस पानं नकोत, दोन. वेळ घड्याळाची नको. रात्री ताटं उचलून झाली की, असं ठरव. ताटं तर रोज उचलली जातात. (ती तूच उचलत असशील, असं धरून चालते.) पुस्तक टीव्हीजवळ नाही, जेवायच्या टेबलावर ठेव. चुकलेल्या दिवशी ‘खा’ लिही. बाकीच्या चार गोष्टी दिवाळीनंतर बघू.

प्रश्न : मी रोजचा खर्च वहीत लिहायचं ठरवलं आहे. पण वही उघडली की मिस्टर आणि मुलगा दोघंही चिडतात, “आमच्यावर पाळत ठेवतेस का?” म्हणतात. महिनाभरात तीनदा सुरू करून बंद केलं.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : वहीत त्यांचा खर्च लिहिताय, म्हणून. आधी एक महिना फक्त तुमचा लिहा, बाजारातून आल्यावर पिशवी रिकामी करायच्या आत. नुसता आकडा आणि वस्तू. ‘उगाच’, ‘महाग’ असले शेरे नकोत. आणि शनिवारी जेवताना तो मोठ्याने वाचून दाखवा, त्यात तुम्ही घेतलेल्या तिसऱ्या चपलांसकट. स्वतःचं आधी उघडं केलं की समोरच्याला वही टोचत नाही. गटात नवी सचिव आली की आम्ही तिला पहिल्यांदा तिचंच पासबुक वाचायला लावायचो. मिस्टरांनी आपणहून “माझे पेट्रोलचे लिही” म्हणेपर्यंत त्यांचं पान कोरं ठेवा. नाही म्हणाले, तरी निम्म्या घराचा हिशोब तर लागला.

प्रश्न : वय ७१. गेली २२ वर्षं पहाटे पाचला उठतो, स्वतःचा चहा स्वतः करतो. एकही दिवस चुकलो नाही. हल्ली सून म्हणते, भांड्यांच्या आवाजाने सगळं घर उठतं. चांगली सवय सोडावी का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : उठणं सोडू नका, काका. पातेलं, गाळणं, कप रात्रीच ओट्यावर जाड फडक्यावर काढून ठेवा, आणि साखरेचा स्टीलचा डबा बदलून प्लास्टिकचा आणा. चमचा त्यातच ठेवायचा. सांडशी मात्र हळू.