डीव्हीआर, श्रीलिपीतला ठराव आणि भिजलेली डिस्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत चोरी झाली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) त्या रात्रीचं चित्रणच नाही. कुणीतरी डिस्क फॉरमॅट केली असावी. ओळखीच्या मुलानं ती काढून कॉम्प्युटरला जोडली, तर ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ असा संदेश आला. करायची का? की सरळ कोल्हापूरला रिकव्हरीवाल्याकडं न्यायची?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही नको. डीव्हीआरची फाइल मांडण्याची पद्धत कंपनीची स्वतःची असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते डिस्क कोरी समजतं. ‘ओके’ दाबलं की डिस्कच्या सुरुवातीला, काही वेळा शेवटीही, नवी नोंद लिहिली जाते, आणि नेमकी तिथंच डीव्हीआरची अनुक्रमणिका असू शकते. मुलानं काही दाबलं असेल तर ते लपवू नका. तारीख-वेळेसह लिहून द्या.

डीव्हीआरच्या मेनूतून केलेलं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसतं, चित्रण तसंच पडून असतं. खरा धोका त्यानंतर चालू राहिलेल्या रेकॉर्डिंगचा. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर तासाला सुमारे ७ जीबी आणि दिवसाला १७३ जीबी नवं लिहिलं जातं. १ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत पूर्ण भरते आणि जुन्यावर नवं लिहून होतं. म्हणून ती डिस्क परत डीव्हीआरमध्ये घालून ‘एकदा बघू’ म्हणणं सगळ्यात महाग पडतं.

डिस्कबरोबर डीव्हीआरही द्या. त्याचं मॉडेल आणि फर्मवेअर (यंत्रात कंपनीनंच बसवलेलं सॉफ्टवेअर) कळल्याशिवाय रचना उलगडायला फार वेळ जातो. शिवाय डीव्हीआरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं, कधी अख्खा दिवससुद्धा चुकलेलं असतं. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर डीव्हीआर बंद करण्याआधी पडद्यावरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. तो फरक माहीत नसेल तर ‘रात्री २ वाजून १० मिनिटं’ या आकड्याला कोर्टात अर्थ उरत नाही.

प्रयोगशाळेत डिस्क राइट ब्लॉकरला लावतात, म्हणजे तिच्यावर काही लिहिलंच जाऊ शकत नाही. मग सेक्टरगणिक, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक कप्प्याची जशीच्या तशी प्रत काढून मूळ आणि प्रतीचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवतात आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करतात. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ पद्धतीतल्या चित्रणात ०० ०० ०० ०१ या खुणेनंतर ६७ आणि पुढे ६५ हे संकेत सापडले, की तिथून पूर्ण चौकट (फ्रेम) सुरू होते; नंतरच्या चौकटींत फक्त बदल साठवलेले असतात. ही पूर्ण चौकट पुसली गेली असेल तर तिच्यानंतरच्या चौकटी शाबूत असूनही चित्र उमटत नाही, नुसते राखाडी ठोकळे दिसतात. कॅमेरा क्रमांक आणि वेळ कंपनीनं चौकटीच्या आगेमागे कुठंतरी लिहिलेली असते. तेवढी हाती लागली की तुकडे क्रमानं लावता येतात.

आता कोल्हापूरचं. गुन्हा नोंदवायचा असेल तर डिस्क आधी पोलिसांकडं जाऊ द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागू आहे. त्यातलं प्रमाणपत्र दोन भागांचं असतं: एक यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात हॅशही लिहावा लागतो. कायदा कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत एकच आहे. अडचण सीमेची नाही, मधल्या हातांची आहे. पंचनामा कन्नडात होईल, मजकूर समजावून घ्या; पण डिस्कचा सिरियल नंबर मात्र स्वतः एकेक अक्षर ताडून बघा. एका आकड्याची चूक म्हणजे बचावपक्षाला आयतं कोलीत.

प्रश्न : पतसंस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवरचे ठराव पुसले गेले होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं हजारो निनावी फाइली काढल्या, पण ‘ठराव’ शब्द शोधला तर एकही सापडत नाही. फाइली गेल्याच का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गेल्या असं लगेच म्हणू नका. आपल्या भागातला हा नेहमीचा फसवा ‘शून्य’ आहे. जुने मराठी दस्तऐवज श्रीलिपीसारख्या फाँटांत आणि कन्नड पत्रं नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाइप झालेली असतात. पडद्यावर ‘ठ’ दिसला तरी फाइलमध्ये भलत्याच रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत साठवलेला असतो. तुम्ही युनिकोडमधला (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतातला) ‘ठराव’ शोधला, तो तिथं कधी नव्हताच.

उपाय असा : त्याच काळातली, त्याच ऑपरेटरनं केलेली एखादी शाबूत फाइल घ्या. त्यातला ‘ठराव’ हा शब्द उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. जी विचित्र अक्षरं दिसतील तीच शोधा, आणि प्रत्येक अक्षर एका बाइटचं धरून एकदा व दोन बाइटचं धरून एकदा असा दोनदा शोध घ्या. जुन्या वर्ड फाइलींत दोन्ही प्रकार आढळतात. नव्या वर्डची डॉक्स (.docx) फाइल ही मुळात झिप, म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं असते, ती उलगडल्याशिवाय आतला मजकूर शोधाला लागत नाही.

नंतरच्या युनिकोड फाइलींतही खोडी आहेच. ‘शेतकऱ्यांना’ मधला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी साठवला जातो, दिसायला हुबेहूब एक. त्यापेक्षा ‘शेतक’ एवढंच शोधा. गावाचं नावही बेळगाव, बेळगांव, बेळगावी असं तिन्ही प्रकारे द्या.

आणि एक विचारायचं राहिलं : सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर तर साठवल्या नाहीत ना? तसं असेल तर एकीला वाचवताना दुसरी गाडली गेली. आता थांबा आणि डिस्कची प्रत काढून मगच पुढं जा.

प्रश्न : दूधगंगेच्या पुरात हार्ड डिस्क बुडाली. उन्हात वाळवून लावू का?
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : वाळवू नका, तांदळात पुरू नका आणि वीज तर अजिबात देऊ नका. डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं. तिथून शिरलेला गाळ सुकला की पृष्ठभागावर चिकटून बसतो. ओलीच डिस्क झिपच्या पिशवीत बंद करून धूळमुक्त ‘स्वच्छ खोली’ असलेल्या प्रयोगशाळेत लवकर पोचवा. तशाच मॉडेलचा दुसरा सर्किट बोर्ड आणून बसवायची सूचना कुणीतरी करेलच. पण त्या-त्या डिस्कच्या जुळणीची माहिती बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असते, ती जुनी चिप नव्या बोर्डावर न लावता बोर्ड बदलला तर सहसा काही चालत नाही.

प्रश्न : फॅक्टरी रीसेट केलेल्या मोबाइलमधले फोटो परत मिळतात का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आजकालच्या फोनमध्ये नाही. साठवण कूटबद्ध असते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. उरतो तो नुसता कचरा. गूगल फोटोजचा बॅकअप, त्यातली कचरापेटी (बॅकअप झालेले फोटो तिथं ६० दिवस राहतात), मेमरी कार्ड आणि ज्यांना फोटो पाठवले त्यांचे फोन, एवढंच तपासा. मेमरी कार्ड सापडलं तर आधी फोनमधून काढून ठेवा.