रस्त्यावरच्या गाडीतलं रोटरी इंजिन ९,५०० आरपीएमला टिकवायचं असेल, तर नुसते एपेक्स सील बदलून भागेल का?

नाही, भागणार नाही. (रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. एपेक्स सील म्हणजे त्या रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या, बाहेरच्या हाऊसिंगला टेकून दाब राखणाऱ्या पट्ट्या.)

नंतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे कुडाळचे, नोकरीला शारजात. गाडी माझदा आरएक्स-सेव्हन, तिसऱ्या पिढीतली. ट्विन टर्बो काढून एकच मोठा टर्बो लावलाय. इंजिन उघडून ठेवलंय आणि ८,००० ची रेडलाईन, म्हणजे कंपनीने आखलेली आरपीएमची मर्यादा, ओलांडून ९,५०० पर्यंत न्यायचंय, तेही रोजच्या वापरातल्या गाडीत. त्यासाठी सिरॅमिकचे महागडे एपेक्स सील मागवायच्या बेतात आहात. मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात चौदा वर्षं हीच इंजिनं उघडली आणि जोडली. आता मालवणात ट्रॉलरची डिझेल इंजिनं करतो. माझं म्हणणं एवढंच, की हे पैसे आधी शाफ्ट, बेअरिंग आणि ऑइल यांवर घाला.

रोटरीत पिस्टन वरखाली होत नाही, म्हणून ती कितीही फिरवली तरी चालते असा समज आहे. रोटर स्वतः शाफ्टच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतो, म्हणजे ९,००० ला जेमतेम ३,०००. इथवर खरं आहे. पण रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यावर नसतो, १३बी मध्ये, म्हणजे तुमच्या गाडीतल्या इंजिनात, तो १५ मिलिमीटर बाजूला असतो आणि शाफ्टच्या पूर्ण वेगाने घिरट्या घालतो. रोटर चार किलोचा धरा, प्रत्यक्षात थोडा जास्तच भरतो. ८,००० ला तो शाफ्टला सुमारे ४.३ टनांनी बाहेर ओढतो. १०,००० ला तोच ओढा ६.७ टनांवर जातो. वेग सव्वापट झाला, पण ओढा दीडपटीच्याही वर गेला, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता दोन रोटर एकमेकांच्या विरुद्ध बसवलेले असतात. एक वर ओढतो तेव्हा दुसरा खाली. म्हणून बाहेरून इंजिन शांत, बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा इतकं. पण शाफ्टला आधार फक्त दोन टोकांच्या मेन बेअरिंगचा, दोन रोटरांच्या मधे काहीच नाही. काठीची दोन टोकं घट्ट धरा आणि मधे दोघांना उलट दिशांना ओढू द्या, तसा तो वाकतो. आमचा इथला एक जुना तांडेल म्हणायचा, "इंजिन बोलता, आयकूक व्हया." डिझेलच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं. रोटरी मात्र बोलत नाही, आणि बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

हे मी स्वतः भोगलंय. शारजातल्या पहिल्या काही वर्षांत एका इंजिनात उत्तम सील टाकले, पोर्ट (हवा आत-बाहेर जायची भोकं) मोठे केले आणि बेअरिंग फॅक्टरीच्या मापाचं तसंच ठेवलं. गाडी सुंदर पळाली. मालक ९,२०० पर्यंत न्यायचा. चार महिन्यांनी ऑइलमध्ये चकाकी दिसली म्हणून उघडलं. सील जवळजवळ नवे होते. मागच्या मेन बेअरिंगचा राखाडी थर मात्र एका बाजूने उडून खालचं तांबं उघडं पडलं होतं, आणि साईड प्लेटवर रोटरच्या कोपऱ्याने चंद्रकोरीसारखी पट्टी घासून काढली होती. नख फिरवलं की अडकायचं. ती प्लेट मी मालवणला घेऊन आलो. आषाढात दर आठवड्याला तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत बिडाला रात्रीत गंज चढतो. शिकायला येणाऱ्या पोरांना मी सगळ्यात आधी त्या पट्टीवर नख फिरवायला लावतो.

तर पहिलं काम माप. मेन आणि रोटर बेअरिंगची मोकळीक फॅक्टरी ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर देते. तुम्हाला त्यातल्या वरच्या टोकाला किंवा जरा पलीकडे राहायचंय, म्हणजे वाकलेल्या शाफ्टलाही ऑइलचा थर मिळेल. शाफ्टचं एंड प्ले, म्हणजे लांबीच्या दिशेची मोकळीक, ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर. रोटरच्या तिन्ही कोपऱ्यांजवळच्या कडा मशीनवर किंचित उतरवून घ्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या. सीलच्या खाचांना धक्का लागता कामा नये, म्हणून हे काम आधी केलेल्या माणसाकडेच द्या. आणि आपल्याकडची एक सवय इथे सोडा: क्रँक घासला की कोल्हापूरला नेऊन ग्राइंड करायचा आणि अंडरसाईझ बेअरिंग टाकायचं. हा शाफ्ट खराब असेल तर दुसरा शोधा.

बॅलन्सिंग हा दुसरा खर्च, आणि तो टाळायचा नाही. रोटरवर वजनाचं अक्षर छापलेलं असतं, ए पासून ई पर्यंत, दोन्ही एकाच अक्षराचे घ्या. मग शाफ्ट, पुढचं काउंटरवेट, फ्लायव्हील आणि मागचं काउंटरवेट एकत्र बॅलन्स करून घ्या. फ्लायव्हील हलकं घेताना स्टीलचं घ्या, बिडाचं नको. क्लचही त्या आरपीएमचा हवा. क्लचवरचं कवच, म्हणजे बेलहाऊसिंग, तुमच्या पायांजवळ असतं, तिथे काही फुटलं तर ते पत्र्याला जुमानत नाही.

ऑइलबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथेच लोक कंजूषी करतात. या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नाही, रोटर आतून तेच गार ठेवतं. शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या पोटात उडतं. शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक थर्मल पेलेट असतो, थंड इंजिनात ऑइल तिथून निघून जावं म्हणून. तो अडकला की गरम इंजिनालाही प्रेशर कमी पडतं. तो काढून सॉलिड प्लग टाका. स्वस्तातलं काम आहे, आणि हे न केलेली इंजिनं मी किती उघडली त्याची गणती नाही. रेग्युलेटर जास्त दाबाचा घाला, ऑइल गरम असताना वरच्या आरपीएमला १०० पीएसआयच्या आसपास प्रेशर दिसायला हवं. गाडीच्या मूळ काट्यावर विसंबू नका, खरा गेज लावा. संप, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उथळ आणि पसरट आहे, लांब वळणावर ऑइल एका बाजूला जातं, म्हणून आत आडव्या पट्ट्या हव्यातच.

पाण्याच्या पंपाचंही बघा. मूळ पुलीवर ९,००० ला तो इतका जोरात फिरतो की पाणी ढकलण्याऐवजी बुडबुडेच करतो. पुलीचं माप बदलून त्याचा वेग कमी करा.

आता सील. सर्वात पळत्या जागी एपेक्स सीलचं टोक ९,००० ला सेकंदाला ४७ मीटरने हाऊसिंगवर घासतं, तेव्हा सील महत्त्वाचा आहेच. पण टर्बो गाडीत तो बहुतेक वेळा आरपीएमने मोडत नाही, डिटोनेशनने (पेट्रोल अवेळी धडाक्याने पेटल्याने) मोडतो, आणि सिरॅमिक मोडला की तुकडे टर्बोतून जातात. रस्त्यासाठी मी फॅक्टरीचेच २ मिलिमीटरचे सील टाकेन आणि ट्यूनिंग चांगल्या हाताकडून करून घेईन. पेट्रोलमध्ये लिटरला ७-८ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घाला. गावाकडे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली असेल तर हे नवीन नाही, फक्त प्रमाण बरंच कमी.

एक प्रश्न मात्र मला तुम्हाला विचारायचाय. वर जाऊन मिळणार काय? तुमच्या मूळ इंजिनाची कमाल ताकद ६,५०० लाच येते. माझदाच्याच पुढच्या आरएक्स-एटला ९,००० ची रेडलाईन मिळाली ती ८,५०० ला ताकद देणारे पोर्ट होते म्हणून. पोर्ट, टर्बो आणि एक्झॉस्ट वरच्या आरपीएमला श्वास घेत नसतील, तर ८,००० नंतर तुम्ही फक्त बेअरिंग झिजवताय. १९९१ मध्ये ले मान्सचे २४ तास जिंकणारी माझदाची रेसकार ७८७बी, चार रोटर, ७०० च्या घरात अश्वशक्ती, तिनेही ती ९,००० लाच दिली. मी तुमच्या जागी असतो तर लिमिटर ८,८०० ला लावला असता.

सील मागवण्याआधी मागच्या मेन बेअरिंगचा उजेडात काढलेला फोटो आणि चारही बेअरिंगची मापं इथे टाका. तांबं दिसत असेल तर शाफ्टच्या जर्नलचंही (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप लागेल, तीन ठिकाणी घेतलेलं.