नर्सिंगच्या डिझर्टेशनसाठी ट्रू एक्सपेरिमेंटल डिझाइन वॉर्डात खरंच करता येतं का? त्याच्या तीन प्रकारांपैकी कोणता घ्यावा?

येतं. ट्रू एक्सपेरिमेंटल म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीने ठरवून (हेच रँडमायझेशन) गटांची तुलना करणं. मी केलंय, बेळगावात, ६० बाळंतिणींवर. तुमच्या गाइड म्हणतात की वॉर्डात रँडमायझेशन जमत नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला हेच वाक्य ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझा विषय साधा होता. नॉर्मल डिलिव्हरीनंतर टाक्यांच्या दुखण्यावर बर्फाच्या पिशवीने फरक पडतो का. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "आधी ३० कंट्रोलच्या (बर्फ न देता तुलनेसाठी ठेवलेल्या) घे, त्या झाल्या की ३० बर्फाच्या. बायका एकमेकींचं बघणार नाहीत, तुलाही सोपं." इथपर्यंत ठीक. बायका शेजारच्या कॉटवर असतात, एकीला बर्फ मिळाला की दुसरी मागणारच, ही अडचण खरी आहे. पण पुढे त्या म्हणाल्या, "आणि सिनॉप्सिसवर (अभ्यासाच्या आराखड्यावर) ट्रू एक्सपेरिमेंटल लिही." तिथे माझं आणि त्यांचं बिनसलं, ते कायमचं.

माझं डेटा कलेक्शन मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होतं. पहिल्या ३० जणी उकाड्यातल्या, घामाने टाके चुरचुरणाऱ्या. नंतरच्या ३० जुलैतल्या, बाहेर पावसाची झड, वॉर्डात गारठा. मधल्या काळात ड्यूटीवरच्या सिस्टर बदलणार, कदाचित दुखण्याची गोळीही बदलणार. मग जो फरक दिसेल तो बर्फाचा की पावसाचा, हे कसं सांगायचं? कुणाला काय मिळेल हे महिन्यावर ठरलं, कॉट नंबरवर ठरलं किंवा एक सोडून एक असं ठरलं, तर ते क्वासी-एक्सपेरिमेंटलच, म्हणजे चिठ्ठीशिवायचा प्रयोग. क्वासी वाईट नाही. पण मग तसं लिहा.

सिनॉप्सिसमधला आणखी एक घोळ: "लॉटरी पद्धतीने ६० रुग्ण निवडले." ते रँडम सॅम्पलिंग झालं. ट्रू एक्सपेरिमेंटलला लागतं ते आलेल्या रुग्णांना गटात टाकताना चिठ्ठी, म्हणजे रँडम असाइनमेंट. वॉर्डात मिळतील त्या बायका घेतल्या तरी चालतं, गट मात्र चिठ्ठीने पडला पाहिजे. अख्खी डिझर्टेशनं या एका गोंधळावर उभी असलेली मी पाहिली आहेत.

चिठ्ठ्या मी आमच्या भिशीच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. ३० वर "बर्फ", ३० वर "नेहमीचं". काढल्या मावशीने. ती खानापूर तालुक्यात एएनएम (गावपातळीवरची आरोग्य सेविका) होती, आता रिटायर आहे. तिला रँडमायझेशन समजावून सांगायला लागले तर म्हणाली, "म्हणजे भिशीच की गं. नंबर कुणाचा लागंल ते डबा ठरिवतो, तू न्हाई." प्रत्येक चिठ्ठी एक्स-रे फिल्मच्या खोक्यातल्या काळ्या कागदात गुंडाळून खाकी पाकिटात घातली, ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं, आतलं दिसत नाही याची खात्री केली, आणि पाकिटांवर १ ते ६० नंबर टाकले. संमतीपत्रं कन्नड आणि मराठी दोन्हींत होती. दुखणं मी मोजत नव्हते, एक इंटर्न मोजायची. तिला कुणाचा गट कोणता ते माहीत नसायचं. "नोवु एष्टु, अक्का?" एवढं विचारायची आणि समोर दहा चिंचोके ठेवायची. जेवढं दुखतंय तेवढे चिंचोके बाई बाजूला काढायची. आकड्यांची पट्टी दाखवली की बुजणाऱ्या बायकाही चिंचोके बरोबर काढायच्या.

मग आलं २३ नंबरचं पाकीट. हुक्केरीकडची पहिलटकरीण, कळवळून रडत होती. पाकिटात "नेहमीचं" निघालं. सीनियर सिस्टर म्हणाल्या, "पुढचं पाकीट बघ. त्यात बर्फ असला तर तेच हिला दे." मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू बाई आहेस की दगड?" ते मला लागलं, अजूनही लागतं. डॉक्टरांना सांगून तिला गोळी दिली, पण पुढचं पाकीट उघडलं नाही. रात्री सिस्टरांनी फडक्यात बर्फ बांधून दिला आणि सकाळी मला तसं सांगितलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि त्या बाईला "नेहमीचं" गटातच मोजलं. मॅडम म्हणाल्या, "ती केस काढून टाक, ५९ दाखव." नाही काढली. चिठ्ठीने ज्या गटात पडली त्याच गटात मोजायची. सोयीप्रमाणे माणसं वगळायला लागलात की चिठ्ठीने जमवलेली बरोबरी मोडते. फरक निघाला, पण मॅडमना हवा होता तेवढा मोठा नाही. व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, नेमका २३ नंबरवरच प्रश्न विचारला आणि माझं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांचं काम," असंही मॅडम म्हणायच्या. तेव्हा मला माहीत नव्हतं, नाहीतर तिथल्या तिथे सांगितलं असतं. २००२ ते २००५ या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, २५ एएनएम सिस्टरच्या हातून १६२० बाळंतिणींवर असा अभ्यास झाला. बाळंतपण झालं की मिसोप्रोस्टॉलच्या (रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या) ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. कुणाला कोणत्या, ते सिस्टरलाही माहीत नाही. रक्त मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून मोजलं. जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खेड्यात बाळंतपणं करणाऱ्या एएनएमना जे जमलं ते तीस कॉटच्या वॉर्डात जमत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आता तीनपैकी कोणतं. दुखणं, बीपी असलं काही मोजत असाल तर प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट कंट्रोल ग्रुप घ्या, म्हणजे दोन्ही गटांत आधी आणि नंतर मोजायचं. शिकवण्याच्या कार्यक्रमावर विषय असेल तर प्रीटेस्टचे प्रश्न वाचूनच लोक अर्धं शिकतात, तिथे फक्त पोस्टटेस्टवालं बरं. तिसऱ्याला, सॉलोमन डिझाइनला, चार गट लागतात, दोघांत प्रीटेस्ट, दोघांत नाही. ६० जणांत करायला गेलात तर गटात पंधराच उरतात, नादी लागू नका.

एक सांगायचं राहिलं. कंट्रोल म्हणजे उपचार बंद नव्हे. माझ्या दोन्ही गटांना नेहमीची गोळी चालू होती, आणि शेवटची मोजणी झाल्यावर ज्यांना हवा त्या सगळ्यांना बर्फ दिला. तुमच्या विषयात कंट्रोलवाल्यांचं नुकसान होणार असेल तर हे डिझाइन घेऊच नका. बर्फासारख्या गोष्टीत रुग्णापासून गट लपवता येत नाही, तेही मर्यादांमध्ये लिहा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतीय नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. २०१८ च्या एप्रिलपासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. पैसे पडत नाहीत.

आणि पाकीट फाडायच्या आधी त्यावर रुग्णाचा नंबर, तारीख, वेळ पेनने लिहा. चिठ्ठ्यांची यादी वॉर्डाबाहेरच्या माणसाकडे ठेवा, गाइडने मागितली तरी शेवटचं पाकीट उघडेपर्यंत देऊ नका.